उजव्या बाजूची शिट्टी

व्हॅनकाकूंना घाबरायला कारण लागत नसे. दारावरची बेल नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाजली तरी त्या साखळी काढायला कचरायच्या. फोनवर अनोळखी नंबर दिसला की आधी नवऱ्याचं, मग व्हॅनचं, मग गॅसच्या शेगडीचं काय झालं असेल, हे सगळं डोळ्यांपुढून जाऊन यायचं आणि मगच त्या फोन उचलायच्या. अशी बाई पोरांनी गच्च भरलेली शाळेची व्हॅन रोज सकाळी भर रहदारीतून चालवते, याचं त्यांच्या नवऱ्याला नवल वाटे.

"तू भित्री आहेस म्हणून नीट चालवतेस," तो म्हणायचा. "धीट असतीस तर आत्तापर्यंत दोघातिघांना उडवलं असतंस."

तो औषधांच्या दुकानात कामाला होता आणि गिऱ्हाइकाला गोळ्यांबरोबर एक विनोद फुकट द्यायची त्याला खोड होती.

तो म्हणायचा ते खोटं नव्हतं. स्टिअरिंग हातात आलं की काकूंची भीती जणू कामाला लागायची. मागचं दार लागलं का, कोण खिडकीतून हात बाहेर काढतंय, पुढचा रिक्षावाला अचानक थांबेल का, सगळीकडे त्यांचं लक्ष असे. आरशात तर त्या इतक्यांदा बघायच्या की पुढच्या सीटवर बसणारी दुसरीतली मुलगी एकदा म्हणाली होती, "काकू, तुम्ही सारख्या सारख्या केस बघता."

केस नव्हत्या बघत. काकूंना उजव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं. लहानपणी गालगुंड झालं, ताप उतरला आणि तो कान कायमचा गेला. डावा मात्र चांगला होता, त्यामुळे लोकांच्या लक्षात येत नसे. लग्नघरात, दवाखान्यात, बसमध्ये त्या अशी जागा धरायच्या की बोलणारा डावीकडे येईल. आवाज कानावर यायचा, पण कुठून आला ते कळायचं नाही. म्हणून आरसे. हे नवऱ्याला ठाऊक होतं, बाकी कुणालाही नाही. आणि या एका गोष्टीवर तो कधीही विनोद करत नसे.

लायसन काढताना डॉक्टरांनी मान वर न करता कागदावर शिक्का मारला होता. 'श्रवण: उत्तम' असं आधीच छापलेलं होतं. काकूंनी खाली सही केली आणि घरी येऊन दोन घास जेवल्यासुद्धा नाहीत. तेव्हापासून ती सही त्यांच्या मनात कुठंतरी टोचत राहिली होती.

त्या सकाळी हवेत बोचरा गारठा होता. व्हॅनच्या उजव्या खिडकीची काच खाली जाऊन दारातच अडकली होती आणि वारा थेट आत येत होता. ऐकू येत नसलं तरी त्या कानाला थंडी बरोबर कळायची; आत कळ मारायची. काकूंनी उजवा तळवा कानावर दाबून धरला आणि डाव्या हाताने मोठ्या चौकातून वळण घेतलं. मागे शाळेतल्या खेळांच्या तयारीचा दंगा चालला होता. कुणाकडे तरी शिट्टी होती आणि ती सगळ्यांना वाजवायची होती.

"शिट्टी बंद करा रे!" काकू ओरडल्या.

"काकू, आम्ही नाही वाजवली!" मागून उत्तर आलं.

पोरं काय म्हणताहेत ते काकूंना कळायच्या आत एक मोटरसायकल पुढे आडवी येऊन थांबली. करकचून ब्रेक लागले. दप्तरं पुढे घसरली, एक डबा कुणाच्या तरी पायावर पडला. मोटरसायकलवरून ट्रॅफिक हवालदार उतरला. पन्नाशीच्या आसपासचा, उन्हाने रापलेला, कपाळावर टोपीचा वळ उमटलेला माणूस.

"फोन कुठाय?" त्याने खिडकीशी येऊन विचारलं.

"पर्समध्ये," काकू म्हणाल्या.

"आत्ता पर्समध्ये टाकलात. वळणावर कानाला होता, मी बघितला. तीनदा शिट्टी मारली मी. थांबायचं सोडून तुम्ही पुढे दामटली गाडी. पोरं भरलीत आत, काही काळजी आहे का जिवाची?"

"साहेब, मला... ऐकू नाही आली."

"ऐकू कशी येईल? कानाला फोन होता ना!"

काकूंनी तोंड उघडलं. खरं काय ते जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मागे पोरं चिडीचूप बसली होती आणि त्यातलं प्रत्येक पोर घरी जाऊन सगळं सांगणार होतं. ती सहीही आठवली. त्यांनी तोंड मिटलं. हवालदाराने यंत्रावर बोटं चालवली, लायसनचा फोटो काढला आणि चलान हातात दिलं: गाडी चालवताना फोनवर बोलणं, पोलिसाचा इशारा न जुमानणं, मुलं गाडीत असताना पळून जायचा प्रयत्न करणं.

व्हॅन सुरू करताना काकूंनी क्लच इतक्या घाईत सोडला की गाडी एकदा बंद पडली.

"काकू," पुढच्या सीटवरच्या मुलीने हळूच विचारलं, "आता तुम्हाला तुरुंगात नेणार?"

"छे गं," काकू म्हणाल्या. पण शाळा येईपर्यंत त्या तेच चित्र बघत होत्या.

"भरून टाक आणि मोकळी हो," नवरा म्हणाला. "पोलिसाशी कोण हुज्जत घालणार?"

काकूंनाही तेच हवं होतं. पण त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक तरुण वकीलबाई राहायची. तिने चलान वाचलं आणि मान हलवली.

"काकू, हे भरलं म्हणजे गुन्हा कबूल केला. एकट्या असतात तर ठीक होतं. मुलं गाडीत असताना असं केलं म्हटल्यावर लायसन निलंबित होणार. आणि शाळा काय, दुसऱ्या दिवशी परवानगी काढून घेईल. हरकत घ्यावी लागेल."

"म्हणजे कोर्ट?"

"म्हणजे कोर्ट."

काकू खुर्चीच्या काठावर होत्या, त्या आणखी काठावर आल्या.

"फोन नव्हता ना खरंच?" वकीलबाईने विचारलं.

"नव्हता गं बाई. शपथ. कॉल आलाच नव्हता, बघ हवं तर."

"कॉल नव्हता हे दाखवता येईल. पण पालक तुम्हाला दिवसभर आवाजी निरोप पाठवतात, तेच ऐकत होता असं ते म्हणतील. आणि मला एक सांगा, तो दोन हातांच्या अंतरावर उभा राहून शिट्टी मारत होता. ती ऐकू का नाही आली?"

"पोरांचा गलका," काकू म्हणाल्या आणि पदराशी चाळा करायला लागल्या.

"तेवढ्यावर भागायचं नाही," वकीलबाई म्हणाली. तारखेच्या दिवशी तिचं दुसरीकडे काम होतं, तिला येता येणार नव्हतं. तिने हवालदाराला विचारायचे प्रश्न समजावून सांगितले आणि घाबरू नका म्हणाली. काकूंना हे सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका असं सांगण्यासारखं होतं.

तारीख लांबची मिळाली. तोवर दिवस रोजचेच होते, आणि रोजच्या रस्त्यावर तो चौक होता. त्या चौकात रोज सकाळी तोच हवालदार उभा असायचा.

पहिल्या दिवशी काकूंनी वळसा घेतला. लांबच्या रस्त्याने गेल्या, पोरं उशिरा पोचली, संध्याकाळी चार पालकांचे फोन आले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चौकातून. चौक जवळ आला की त्या दोन्ही हात स्टिअरिंगवर अगदी वर, सगळ्यांना दिसतील असे ठेवायच्या. कानात कितीही कळ आली तरी हात हलायचा नाही. हवालदार बघायचा. कधी नुसता, कधी रोखून. कोर्टात आपल्या विरुद्ध उभं राहायचं ठरवलेली बाई ती हीच, हे त्याला कळलेलं असणार. सूड घ्यायला त्याला फार काही करावं लागणार नव्हतं. रोज एक चलान फाडलं असतं तरी काकू संपल्या असत्या.

एके दिवशी लाल दिव्याला व्हॅन थांबली आणि तो सरळ त्यांच्याकडे चालत आला. काकूंनी दोन्ही हात आणखी वर धरले. तो मागे गेला, काहीतरी दणकन वाजलं आणि मग तो पुढे खिडकीशी आला. त्याचे ओठ हलले. उजवी बाजू, काकूंना शब्द लागले नाहीत. त्यांनी मान वळवून डावा कान पुढे केला.

"मागचं दार अर्धवट लागलं होतं म्हटलं," तो म्हणाला. "लावलंय. बघत जा. पोरं पडतील." आणि तो परत आपल्या जागेवर गेला.

काकूंना त्या दिवशी जास्तच भीती वाटली. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाचं खोटं कुणाला तरी कळतं. हा तर चांगला माणूस होता, आणि जे घडलं नव्हतं ते आपल्या डोळ्यांनी पाहिल्याची त्याची खात्री होती.

तारखेच्या दिवशी नवऱ्याने दुकानातून रजा काढली. जाताना रिक्षात त्याने एक विनोद सुरू केला आणि मध्येच सोडून दिला. तो घाबरला की असंच करायचा.

कोर्टाची खोली काकूंनी कल्पना केली होती तशी नव्हती. बाकांचे पाय खिळखिळे, भिंतीवर पंख्याच्या काळ्या रेघा, कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड. न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली. त्या थर्मासमधून गरम पाणी ओतून घेत होत्या. हवालदार भिंतीशी उभा होता. टोपी काढल्यामुळे त्याचं कपाळ एकदम गोरं आणि उघडं दिसत होतं.

काकू घाईत दाराच्या डाव्या बाजूच्या बाकावर बसल्या. दार उजवीकडे राहिलं आणि पुकारा करणारा शिपाई दारात उभा होता. त्यांचं नाव पुकारलं गेलं ते त्यांना कळलंच नाही. नवऱ्याने कोपराने ढोसलं तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"दोनदा पुकारलं, बाई," न्यायाधीश म्हणाल्या. "लक्ष द्या."

काकूंनी हात जोडले.

हवालदाराने शपथ घेऊन सांगितलं. पाठ केल्यासारखं नाही, आठवून आठवून सांगितलं, आणि म्हणूनच ते खरं वाटत होतं. उजवा हात, उजव्या कानाला फोन, तीन शिट्ट्या, गाडी थांबली नाही, मोटरसायकलने गाठावी लागली. काकूंनाच क्षणभर वाटलं की आपण फोनवर बोलत होतो की काय.

"काही विचारायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

शिकवलेले प्रश्न काकूंच्या डोक्यातून उडून गेले होते. एकच उरला होता.

"साहेब, तुम्ही फोन बघितलात का हात बघितलात?"

हवालदाराने स्वतःचा हात कानाशी नेऊन दाखवला. "हात कानाशी होता. फोनशिवाय असा हात कोण धरतं?"

"फोन दिसला का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"बोटांमधून काळं काहीतरी दिसलं."

मग सरकारी वकील उठला. त्याला आणखी बऱ्याच प्रकरणांची घाई होती. "बाई, फोन नव्हता म्हणता. बरं. मग हात कानाला कशासाठी? आणि हवालदार इतक्या जवळून शिट्टी वाजवत होते, ती रस्त्यापलीकडच्या दुकानदारांना ऐकू आली आणि तुम्हालाच नाही आली? याचं काय उत्तर आहे?"

उत्तर होतं. एवढंच एक होतं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता. उत्तर न द्यावं तर लायसन जाणार. द्यावं तर 'श्रवण: उत्तम'च्या खाली आपली सही, म्हणजे खोटेपणाचा दुसरा गुन्हा, आणि लायसन तरीही जाणार. आणि ती सगळी पोरं, ज्यांना आपण एका कानाच्या भरवशावर रोज नेलं. त्यांनी समोरच्या कठड्याचं लाकूड धरलं.

"मला त्या कानाने ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

"जरा मोठ्याने."

"मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणापासून. थंडीत दुखतो, म्हणून हात लावला होता." आणि एकदा सुटलं ते थांबेना. "फोन धरला असता तर मी डाव्या कानाला धरला असता, बाईसाहेब. उजव्याला धरून मला काय ऐकू येणार? लायसन काढताना मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, पण मी सांगायला हवं होतं. मला भीती वाटली."

बाकांवर कुजबुज झाली. तेवढ्यात नवरा उठून उभा राहिला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं.

"बाईसाहेब, खरं आहे. लग्न झाल्यापासून मी हिच्या डाव्या बाजूनेच चालतोय. बघा, झोपतोसुद्धा—"

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाल्या. तो मटकन बसला. मागे कुणीतरी हसलं.

न्यायाधीशांनी हवालदाराकडे मोर्चा वळवला. "अडवलं तेव्हा या काही म्हणाल्या होत्या?"

काकूंनी डोळे मिटले. त्या वेळी तिथे मोठं माणूस दुसरं कुणी नव्हतं. तो नाही म्हणाला असता तर तेच राहिलं असतं.

हवालदाराने काकूंकडे पाहिलं. "म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. "ऐकू आलं नाही म्हणाल्या. मला तो बहाणा वाटला, म्हणून मी लिहिलं नाही." मग तो पुढे म्हणाला, "एकदा मी खिडकीशी बोललो तर यांनी पूर्ण मान फिरवली होती. तेव्हा मला वाटलं, तोऱ्यात आहेत."

"आणि ते काळं काहीतरी?"

"केस असू शकतील," तो म्हणाला. सरकारी वकिलाने हातातली फाइल जरा जोरातच मिटली.

निकाल त्याच दुपारी लागला. फोन सिद्ध होत नाही, पळून जाण्याचा हेतू सिद्ध होत नाही, चलान रद्द. काकूंचा श्वास सुटतो न सुटतो तोच न्यायाधीश पुढे म्हणाल्या की बाईंनी सरकारी रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्यावी, अहवाल परवाना अधिकाऱ्यांकडे जाईल, आणि निर्णय होईपर्यंत त्यांनी मुलांची वाहतूक करू नये.

जिंकून बाहेर आलेल्या काकू कोर्टाच्या पायरीवर बसून रडल्या. नवऱ्याने शेजारी बसून पाण्याची बाटली पुढे केली.

त्या संध्याकाळपासून काकू एकेका पालकाच्या दारात गेल्या. शाळेकडून कळण्याआधी आपण सांगावं, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रत्येक बेल वाजवताना बोट मागे यायचं. काहींनी आत बोलावून पाणी दिलं. काहींनी "आमच्या मनात काही नाही हो, पण..." म्हणत दुसरी व्हॅन बघतो असं सांगितलं. पुढच्या सीटवरच्या त्या दुसरीतल्या मुलीची आई मात्र दारातच उभी राहिली.

"एवढी वर्षं लपवलंत?" ती म्हणाली. "माझी मुलगी रोज तुमच्या शेजारी बसत होती."

काकू खाली मान घालून जिना उतरल्या. ते वाक्य नंतर कित्येक दिवस त्यांच्यासोबत राहिलं. ते चूक आहे असं त्यांना स्वतःलाही म्हणता येईना.

तपासणीच्या दिवशी त्यांना एका चिंचोळ्या, कापसासारख्या भिंतींच्या खोलीत बसवलं. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. डाव्या कानाचं झटपट झालं. टाचणी पडावी असे आवाजही त्यांनी पकडले. मग उजव्याची पाळी आली. काहीच नाही. काचेपलीकडे तपासणारी मुलगी मान खाली घालून खटके ओढत होती. ती खटका ओढताना तिचा खांदा किंचित हलतो, हे काकूंच्या लक्षात आलं. आयुष्यभर त्यांनी असंच तर काम भागवलं होतं. ऐकायच्या ऐवजी बघून. खांदा हलला की बटण दाबलं की झालं. अर्धा कान तरी शाबूत निघाला असता.

अंगठा बटणावर होता. खांदा हलला. पुन्हा हलला. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि ती मुलगी दार उघडून "झालं" म्हणेपर्यंत ते उघडले नाहीत.

निर्णय यायला बराच काळ लागला. व्हॅन इमारतीखाली धूळ खात उभी राहिली. काकू रोज ती पुसायच्या आणि वर येऊन पत्राची वाट बघत खिडकीत बसायच्या. शेवटी कागद आला. एक कान चांगला असल्याने परवाना कायम. मात्र उजव्या बाजूला मोठा जादा आरसा लावावा, परवान्यावर तशी नोंद राहील आणि दरवर्षी तपासणी करावी. नवऱ्याने तो दोनदा मोठ्याने वाचला. काकूंनी तिसऱ्यांदा वाचायला लावला, यात कुठंतरी काहीतरी वाईट लपलेलं असणार म्हणून.

व्हॅनमध्ये आता पूर्वीची निम्मीच पोरं होती. दुसरीतली मुलगी परत आली नाही. काकूंची भीतीही काही गेली नाही; पोलिसाची शिट्टी कुठेही वाजली की त्या आधी आपलंच काय चुकलं ते बघायच्या. चौकातला हवालदार त्यांना पाहून कधी मान हलवायचा, कधी नाही. त्याला तिथे दुसरी कामं होती.

शाळेच्या नव्या वर्षाच्या तोंडावर एका बाईंचा फोन आला. मुलगा पहिलीत जाणार होता, व्हॅन हवी होती. काकू भेटायला गेल्या. बाईंनी खुर्ची दिली, मुलगा दाराआडून डोकावत होता.

"आधी एक सांगते," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं. कान, आरसा, कोर्ट, परवान्यावरची नोंद. सांगून झाल्यावर त्या पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

बाईंनी मुलाकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं.

"तुमची गाडी आधी बघू शकते का?" त्यांनी विचारलं.

"या ना," काकू म्हणाल्या आणि घाईघाईने उठल्या. जिना उतरताना त्यांनी पर्समधून व्हॅनची किल्ली काढून हातात धरली. बाई मागून, मुलाचा हात धरून, सावकाश उतरत होत्या.